प्रयोग आपल्यावर, मानक त्यांचं

३० मार्च २०२१ रोजी गूगलने क्रोम ब्राउझरमध्ये एक प्रयोग सुरू केला. त्याचं नाव ‘फ्लॉक’. इंग्रजीत उच्चारलं की त्याचा अर्थ होतो कळप, आणि कामही तेच होतं. तुम्ही कोणकोणत्या वेबसाइट पाहता याचा हिशेब तुमचाच ब्राउझर तुमच्याच फोनमध्ये करणार, त्यावरून तुम्हाला एका गटात घालणार, आणि विचारणाऱ्या वेबसाइटला त्या गटाचा क्रमांक सांगणार. मेंढराच्या पाठीवर रंगाचा ठिपका मारतात, तसंच. जाहिरातदाराने ठिपका बघायचा आणि कुठला माल दाखवायचा ते ठरवायचं.

प्रयोगासाठी दहा देश निवडले होते आणि त्यांतल्या क्रोम वापरणाऱ्यांपैकी अर्धा टक्का लोक. दहांत अमेरिका, कॅनडा, जपान, ऑस्ट्रेलिया होते, ब्राझील, मेक्सिको, इंडोनेशिया होते, भारतही होता. युरोपियन युनियनमधला एकही देश नव्हता. तिथला प्रायव्हसीचा कायदा कडक आहे, आणि असा प्रयोग त्या कायद्यात बसतो का, याचं उत्तर तेव्हा स्पष्ट नव्हतं. म्हणून तिकडे प्रयोग नाही. आपल्याकडे हा प्रश्नच आड आला नाही. २०१७ साली सर्वोच्च न्यायालयाने खासगीपणा हा मूलभूत हक्क असल्याचा निकाल दिला होता, पण डेटा संरक्षणाचा कायदा संसदेत मंजूर झाला तो २०२३ साली.

त्या अर्ध्या टक्क्यातल्या लोकांना कुणी विचारलं नव्हतं. आपण त्यात आहोत की नाही, हे ब्राउझर सांगत नव्हता. ते तपासण्यासाठी इलेक्ट्रॉनिक फ्रंटियर फाउंडेशन या अमेरिकेतल्या संस्थेला एक वेगळं पान तयार करावं लागलं. लोणावळ्याच्या बाजारात चिक्कीच्या दुकानाच्या गल्ल्यावर बसलेला मुलगा, पवनेच्या काठावर तंबू भाड्याने देणारी ताई, वडगावला सातबाऱ्यासाठी आलेला शेतकरी, यांच्यापैकी कुणीही त्यात असू शकत होतं. असतील तर त्यांना आजही ते माहीत नाही.

फ्लॉक त्याच वर्षी जुलैत थांबला. २०२२ साली त्याच्या जागी ‘टॉपिक्स’ आलं. ज्या थर्ड पार्टी कुकीज हटवण्यासाठी हा सगळा खटाटोप चालला होता, त्या हटवणार नाही असं गूगलने शेवटी जाहीर केलं आणि २०२५ च्या ऑक्टोबरात टॉपिक्सही गुंडाळलं. म्हणजे साडेचार वर्षांत प्रयोग झाला, फसला, बदलला आणि संपलाही. ज्यांच्यावर झाला त्यांना ना सुरुवात कळली ना शेवट. माझी तक्रार फ्लॉकपुरती नाही. ब्राउझरमध्ये नवी गोष्ट येते कशी, रुजते कशी आणि तिचं ‘मानक’ होतं कसं, या सगळ्या रीतीबद्दल ती आहे.

घाटातली रीत

खंडाळ्याहून कर्जतकडे उतरणारी गाडी मंकी हिलला आणि ठाकूरवाडीला थांबते. कुणी चढत नाही, कुणी उतरत नाही. नव्या प्रवाशाला वाटतं सिग्नल मिळाला नाही. खरं कारण वेगळं आहे. बोरघाटात सदतीस फुटांमागे एक फूट उतार आहे. या उतारावर ब्रेक निकामी झालेली गाडी कुणाच्या बापाची नसते. म्हणून तिथे कॅच सायडिंग आहेत: मुख्य रुळाला फुटलेला, वर चढत जाणारा आणि तिथेच संपणारा फाटा. सांधे मुळातच त्या फाट्याकडे लावलेले असतात. गाडीने आधी थांबून दाखवायचं, ती काबूत आहे हे सिद्ध करायचं, मग सांधे मुख्य रुळाकडे वळतात. संशयाचा फायदा गाडीला नाही, प्रवाशांना.

ब्राउझरच्या दुनियेतही असे फाटे आहेत. ते का बांधावे लागले याची गोष्ट ऐकण्यासारखी आहे.

पूर्वी ब्राउझर बनवणारे नव्या, कच्च्या फीचरच्या नावाआधी आपलं पाळण्यातलं नाव लावत. वेबकिटवाल्यांचं ‘वेबकिट’, मोझिलाचं ‘मोझ’, ऑपेराचं ‘ओ’. अर्थ असा, की हे अजून प्रायोगिक आहे, यावर घर बांधू नका. लोकांनी घरं बांधली. आयफोन आणि अँड्रॉइड दोन्ही वेबकिटवर चालत होते, म्हणून मोबाइलसाठी वेबसाइट बनवणारे फक्त ‘वेबकिट’ची नावं लिहून मोकळे होऊ लागले. बाकीच्या ब्राउझरमध्ये तीच पानं मोडकी दिसू लागली, आणि वाचणाऱ्याने दोष दिला तो ब्राउझरला. शेवटी २०१२ साली ऑपेराने प्रतिस्पर्ध्याची ही नावं आपल्या ब्राउझरमध्ये ओळखायला सुरुवात केली. २०१६ साली फायरफॉक्सनेही तेच केलं. आज ती ‘तात्पुरती’ नावं वेबच्या एका अधिकृत मानकात नोंदलेली आहेत. शेतातून चार लोक आडवाट पाडतात, पुढे तीच सातबाऱ्यावर रस्ता म्हणून लागते, तसं हे झालं.

या अनुभवातून धडा घेऊन क्रोमने २०१६ पासून ‘ओरिजिन ट्रायल’ची पद्धत आणली. नवं फीचर सर्वांसाठी खुलं करायचं नाही. ज्या वेबसाइटला ते वापरून बघायचं आहे तिने नोंदणी करून परवाना घ्यायचा. परवान्याला मुदत. क्रोममध्ये उघडणाऱ्या एकूण पानांपैकी अर्ध्या टक्क्याहून जास्त पानांवर ते फीचर दिसू लागलं, तर ते आपोआप बंद. वेबसाइटना कच्च्या फीचरची सवय लागू नये, हा हेतू. पद्धत हुशार आहे आणि माझा तिला विरोध नाही.

पण नोंदणी कोण करतं, ते पाहा. वेबसाइटचा मालक. परवाना त्याला, मुदत त्याला, सावधगिरीची सूचना त्याला. ज्याच्या फोनमध्ये ते फीचर प्रत्यक्ष चालणार आहे, त्याला कुणी काही विचारत नाही. गाडीचा मालक आणि रेल्वे कंपनी यांच्यात करार झाला. डब्यात बसलेल्याचा त्यात उल्लेखही नाही.

चालक, सांधेवाला आणि स्टेशनमास्तर

प्रयोगानंतर फीचर सगळ्यांना द्यायचं की नाही, हे ठरवायचीही रीत आहे. क्रोमच्या मागे जे ब्लिंक इंजिन आहे, त्याच्या खुल्या यादीवर ‘आम्ही हे आणू इच्छितो’ असं पत्र टाकतात. नेमलेल्या मंडळातल्या तिघांनी होकार दिला की फीचर निघालं. मोझिलाचं आणि ॲपलचं मत काय आहे, हे त्या पत्रात लिहावं लागतं. ते मत ‘नको’ असं असलं तरी गाडी थांबतेच असं नाही.

याचं साधं उदाहरण तुमच्या हातात आहे. क्रोममध्ये उघडलेली वेबसाइट तुमच्या फोनची बॅटरी किती उरली आहे, हे वाचू शकते. परवानगी न विचारता. कल्पना चांगली होती: बॅटरी कमी असेल तर पानाने हलकं रूप दाखवावं. पण हीच माहिती माणसाला ओळखून त्याचा माग ठेवायलाही वापरता येते, हे २०१५ साली संशोधकांनी दाखवून दिलं. फायरफॉक्सने २०१७ साली ही सोय वेबसाइटसाठी बंद केली. २०२० साली ॲपलने अशाच कारणाने सोळा फीचर नाकारल्याचं जाहीर केलं, त्यात हेही होतं. क्रोममध्ये ते अजून आहे. पावसाळ्यात राजमाचीहून परतताना नऊ टक्के बॅटरीवर तुम्ही गाडी शोधत असता, तेव्हा समोरच्या वेबसाइटला तुमची निकड कळणं तुमच्या फायद्याचं की तिच्या, याचा विचार तुम्हीच करा.

‘मानक’ या शब्दाला एकेकाळी धार होती. डब्ल्यूथ्रीसी ही वेबची मानकं ठरवणारी संस्था. एखाद्या गोष्टीचं मानक व्हायला ती किमान दोघांनी स्वतंत्रपणे बनवून दाखवली पाहिजे, हा तिथला दंडक. २०१० साली ‘वेब एसक्यूएल’ नावाचं एक फीचर याच दंडकावर अडलं. ते बनवणाऱ्या सगळ्यांनी आतमध्ये एकच तयार सॉफ्टवेअर वापरलं होतं. चारजणांनी एकाचीच वही उतरवली तर चार उत्तरं बरोबर आली असं होत नाही. संस्थेने काम थांबवलं.

आता आजचा फोन बघा. क्रोम, सॅमसंग इंटरनेट, ब्रेव्ह, ऑपेरा, एज. नावं पाच, इंजिन एक. ऑपेराने २०१३ साली स्वतःचं इंजिन सोडलं. मायक्रोसॉफ्टने २०१८ साली तसा निर्णय जाहीर केला आणि २०२० साली नवा एज आणला. आयफोनवर उलटी तऱ्हा: भारतात तिथे कुठलाही ब्राउझर घ्या, आत ॲपलचंच इंजिन असतं. उरलं फायरफॉक्स, आणि तो तुमच्यापैकी कितीजणांच्या फोनमध्ये आहे? दोघांनी स्वतंत्रपणे करून दाखवायची अट कागदावर आहेच. पण चालक, सांधेवाला आणि स्टेशनमास्तर एकाच घरातले असले की अट पाळली काय, मोडली काय, गाडी तिच्या वेळेवर सुटते.

मराठीने ही किंमत आधीच मोजली आहे

‘आपल्याला काय त्याचं’ असं वाटत असेल, तर थोडं मागे जाऊ. नव्वदच्या दशकाच्या शेवटी मराठी वर्तमानपत्रं वेबवर आली. युनिकोडमध्ये देवनागरीला १९९१ पासून जागा होती, पण लोकांचे संगणक ते दाखवायला तयार नव्हते. प्रत्येक वर्तमानपत्राकडे स्वतःचा फॉन्ट होता आणि त्या फॉन्टची स्वतःची सांकेतिक वाटणी होती. आत रोमन अक्षरांचे क्रमांक, वर देवनागरीचा मुखवटा. हा मुखवटा वाचकापर्यंत पोहोचवण्यासाठी दोन ब्राउझरनी दोन प्रायोगिक सोयी दिल्या. मायक्रोसॉफ्टची इंटरनेट एक्सप्लोररसाठी, नेटस्केपची नेटस्केपसाठी. एकमेकींशी काडीचा मेळ नाही. नेटस्केपची सोय नेटस्केपबरोबर गेली. मायक्रोसॉफ्टची सोय डब्ल्यूथ्रीसीपुढे गेली ती दहाएक वर्षांनी, आणि मानक झालीच नाही. फॉन्ट पाठवण्याचं सर्वमान्य मानक आलं २०१२ च्या डिसेंबरात. त्याचं नाव वोफ.

मधल्या काळात लिहिलेल्या मराठीचं काय झालं? मुखवटा गळून पडला. ती जुनी पानं आज उघडली तर रोमन अक्षरं, कंस आणि टिंबांचा खच दिसतो. शोधयंत्राला ती मराठी आहे हे कळत नाही. कारगिलचं युद्ध, एक्सप्रेस वेचं बांधकाम, त्या वर्षांतल्या निवडणुका, अग्रलेख, वाचकांची पत्रं: ज्या पिढीने हे मराठीत टाइप केलं, तिचं बरंचसं लिखाण असं आंधळं झालं. कुणी जाळलं नाही, कुणी बंदी घातली नाही. दोन कंपन्यांच्या प्रयोगावर आपण घर बांधलं आणि प्रयोग संपला, एवढंच. ज्यांनी मानकाची वाट धरली ते टिकले. मराठी विकिपीडिया २००३ साली आणि ‘मनोगत’ २००४ साली युनिकोडवर उभे राहिले, आणि तिथला मजकूर आजही तुमच्या फोनवर लख्ख वाचता येतो.

हे प्रकरण संपलेलंही नाही. ‘दऱ्या’ आणि ‘दर्या’ यांत फरक आहे. लोणावळ्याला दऱ्या आहेत, दर्या मुंबईला. मराठीतला हा आडवा ‘ऱ्य’ दोन वेगवेगळ्या पद्धतींनी टाइप करता येतो. डोळ्यांना दोन्ही सारखे, संगणकाच्या लेखी दोन वेगळ्या अक्षरमालिका. आपला ‘ल’ आणि ‘श’ हिंदीहून वेगळ्या वळणाचे आहेत. ती वळणं राज्य सरकारने २००९ साली शासन निर्णयाने ठरवून दिली. काही फॉन्टांमध्ये ती असतातही. पण पान मराठीत आहे असं वेबसाइटने ब्राउझरला सांगावं लागतं, ब्राउझरने ते फॉन्टला सांगावं लागतं, तेव्हा कुठे आपला ‘ल’ उमटतो. या साखळीतली एक कडी जरी कुणी गृहीत धरली नाही, तरी आपण हिंदीच्या वळणाने वाचत बसतो आणि आपल्याला ते कळतही नाही. ही साखळी जिथे घडते त्या खोलीत आपलं माणूस नसेल, तर दर्या आणि दऱ्या यांतला फरक तिथे कोण सांगणार?

‘मग काय, प्रगती थांबवायची?’

हा आक्षेप येणारच, आणि तो पोकळ नाही. समित्यांवर सोडलं असतं तर वेब आजही नुसत्या मजकुराची पानं दाखवत बसला असता. पान पुन्हा न उघडता आतला मजकूर बदलण्याची युक्ती, जिच्यावर जीमेल उभं राहिलं, ती मुळात इंटरनेट एक्सप्लोररमधली एका कंपनीची खटपट. पानावर चित्र काढायचा ‘कॅनव्हास’ ॲपलने २००४ साली स्वतःच्या गरजेसाठी आणला. प्रयोग कुणीतरी आधी करावाच लागतो.

पण घाई आणि प्रगती एक नव्हे. पानाची चौकटीत मांडणी करणारं ‘ग्रिड’ घ्या. पहिली आवृत्ती मायक्रोसॉफ्टने २०१२ साली आपल्या नावाने आणली. त्यानंतर पाच वर्षं ते इतरांच्या ब्राउझरमध्ये डेव्हलपरपुरतं, बंद दाराआड घासूनपुसून घेतलं गेलं. २०१७ च्या मार्चमध्ये फायरफॉक्स, क्रोम आणि सफारी तिघांत ते एकाच महिन्यात आलं. कुणाची पानं मोडली नाहीत, कुणावर न सांगता प्रयोग झाला नाही. आज तुम्ही पाहता त्या असंख्य वेबसाइट त्याच ग्रिडवर उभ्या आहेत. म्हणजे हे जमतं. मनात असेल तर.

घाईची किंमत कोण देतं, तेही बघू. २०१७ साली जिओफोन आला. घरोघरी गेला, आजीच्या हातात गेला. त्यातल्या कायओएसचं ब्राउझर इंजिन फायरफॉक्सच्या ४८व्या आवृत्तीचं, म्हणजे २०१६ सालचं, आणि तिथेच गोठलेलं. ग्रिड त्याच्यानंतर चार आवृत्त्यांनी आलं. क्रोमच्या १३९व्या आवृत्तीपासून अँड्रॉइड १० च्या खालचे फोन वगळले गेले. अंदर मावळात किंवा नाणे मावळात थोरल्या भावाचा जुना फोन धाकट्याकडे येतो, मग आईकडे जातो. तो फोन बिघडलेला नसतो. त्याच्यासाठी पान बनवणारा बिघडलेला असतो. पुण्यात बसून नव्या फोनवर, एकाच ब्राउझरमध्ये, वेगवान वायफायवर पान तपासायचं आणि ‘चालतंय’ म्हणायचं. पूर्वी सरकारी वेबसाइटच्या तळाशी इंटरनेट एक्सप्लोररची शिफारस असे, आता क्रोमची असते. देव बदलला, पुजारी तेच.

यावर सरकारी उत्तर आहे स्वदेशी ब्राउझर. २०२३ साली केंद्र सरकारने त्यासाठी स्पर्धा जाहीर केली, २०२५ च्या मार्चमध्ये झोहोला पहिलं बक्षीस मिळालं. झोहोच्या कामाचा मला आदर आहे. पण त्यांचा ‘उला’ हा ब्राउझर क्रोमियमवर बांधलेला आहे. इंजिन तेच, डबा आपल्या रंगाचा. सांधे कुठे वळायचे हे ठरवण्यात आपला हात नसेल तर डब्याला कुठलाही रंग द्या, काय फरक पडतो?

मागायचं काय

पहिली गोष्ट, संमती. युरोपातल्या माणसावर विचारल्याशिवाय जो प्रयोग करता येत नाही, तो मावळातल्या माणसावरही करू नये. आपला कायदा आता आहे. प्रायोगिक फीचरला तो कसा लागू होतो, हे सरकारने स्पष्ट शब्दांत सांगावं. सांधे मुळात बंद फाट्याकडे असावेत.

दुसरी, सार्वजनिक पैशाने बनलेली प्रत्येक वेबसाइट किमान दोन वेगळ्या इंजिनांवर आणि एका जुन्या स्वस्त फोनवर तपासलेली असावी. सातबारा, दाखले, निकाल, शिष्यवृत्ती यांच्या रस्त्यावर प्रायोगिक फीचरचा दगड नको. निविदेत ही एक अट घालायला कायदा बदलावा लागत नाही.

तिसरी, मराठीचं माणूस त्या खोलीत हवं. डब्ल्यूथ्रीसीमध्ये देवनागरीच्या अडचणींची नोंद ठेवण्याचं काम उघडपणे चालतं. राज्य मराठी विकास संस्थेने आणि विद्यापीठांनी तिथे पगारी, जाणकार माणसं बसवावीत. अभिजात दर्जा मिळाल्याच्या पताका लावून झाल्या असतील, तर पुढचं काम हे आहे.

आणि तुम्ही. फोनमध्ये दुसऱ्या इंजिनाचा एक ब्राउझर ठेवा आणि खरोखर वापरा. अँड्रॉइडवर तो फायरफॉक्स आहे. वेबसाइट बनवत असाल तर पान मराठीत असल्याची खूण पहिल्याच ओळीत करा, आणि जे फीचर एकाच इंजिनात आहे त्यावाचूनही पान वाचता येईल असं बघा. मराठी अक्षर चुकीचं उमटलेलं दिसलं तर स्क्रीनशॉट मित्रांच्या ग्रुपवर टाकून हसण्याआधी ब्राउझरवाल्यांकडे तक्रार नोंदवा. तक्रारींच्या याद्या सगळ्यांना खुल्या आहेत.

याने काय होणार, असं म्हणू नका. २०२३ च्या जुलैत गूगलच्या काही इंजिनिअरांनी एक प्रस्ताव मांडला: वेबसाइटने तुमच्या फोनचं ‘अस्सलपण’ तिसऱ्याच कुणाकडून तपासून घ्यावं. मनासारखी सिस्टिम टाकलेले फोन आणि वेगळे ब्राउझर वेबच्या दाराबाहेर राहतील, अशी भीती जगभरच्या डेव्हलपरांनी बोलून दाखवली. मोझिलाने विरोध केला, छोट्या ब्राउझरवाल्यांनी केला, साध्या वापरणाऱ्यांनी केला. नोव्हेंबरात प्रस्ताव मागे घेतला गेला. त्यासाठी कुणाला कंपनी विकत घ्यावी लागली नाही की इंजिन बनवावं लागलं नाही. वेळेवर, योग्य ठिकाणी, लेखी ‘नको’ म्हणावं लागलं. तेवढं मराठीतूनही म्हणता येतं.